कॉट सोडून

सकाळी टेपवाला आला आणि घरातली एकूणएक वस्तू मोजून गेला. माझी कॉट तेवढी त्यानं मोजली नाही. एरवी माणूस चोख होता. सामान हलवणाऱ्या कंपनीचा निळा शर्ट, कानावर पेन्सिल, कमरेला टेप, आणि दर मापाला ‘हं’ असा एक तृप्त हुंकार. फ्रिज मोजला, कपाटं मोजली, जेवणाचं टेबल पाय दुमडून आणि न दुमडता असं दोन्ही तऱ्हांनी मोजलं. चपलांच्या स्टँडवर जोडीदार हरवलेला एक बूट होता, तोही त्यानं उचलून जरा तोलून पाहिला. मग माझ्या खोलीत आला. मी कॉटवर बसलो होतो. त्यानं कॉटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हातातल्या मोबाइलकडे पाहिलं, आणि ‘ही नाही’ असं स्वतःशीच पुटपुटून तो बाहेर गेला. नंतर त्यानं प्यायला पाणी मागितलं. पाणी पिता पिता लिफ्ट कितपत मोठी आहे, जिना कुठं अडतो, खाली ट्रक उभा करू देतात का, असं बरंच विचारून घेतलं आणि मी प्रत्येक प्रश्नाचं नेमकं उत्तर दिलं. इतकं नेमकं की जाताना त्यानं माझं कौतुक केलं. म्हणाला, असं सांगणारं माणूस आजकाल मिळत नाही. ‘ही नाही म्हणजे काय हो?’ एवढंच मला विचारायचं होतं. ते काही मी विचारलं नाही. विचारणं हा माझा धंदा नव्हे.

माझा धंदा उत्तरांचा. बसच्या मोठ्या आगारात चौकशीच्या खिडकीमागे माझी अख्खी नोकरी झाली. खिडकीच्या काचेला बोलण्यासाठी एक अर्धगोल भोक होतं. ते कुणा सरासरी उंचीच्या माणसाचा हिशेब करून पाडलेलं असल्यामुळे एकाही खऱ्या माणसाचं तोंड त्याच्यासमोर येत नसे. उंच माणसं वाकून त्याला कान लावत, बुटकी टाचा उंचावून कपाळ लावत. प्रश्न काचेच्या पलीकडे विचारला जायचा, ओठ हलताना दिसायचे, आणि अलीकडे येईपर्यंत त्यातला फक्त ‘का हो’ उरायचा. मग मी पिशवी पाहायचो. पिशवी, पायताण, बरोबर मूल आहे की नाही, घाम कुठं आलाय, यावरून माणूस कुठल्या गाडीचा ते कळतं. मी गाडी आणि फलाट सांगायचो, माणूस मान डोलवून पळायचा. प्रश्न न ऐकता उत्तर देणारा म्हणून आगारात माझी थोडीफार कीर्ती होती. वरिष्ठ तिला उद्धटपणा म्हणत, पण गाडी कुणाची चुकली नाही. घरी आलो की मात्र माझ्याजवळचा शब्दांचा साठा संपलेला असे. बायको म्हणायची, ‘खिडकी बंद झाली का? बरं, जेवायला तरी उघडा.’ मुलाला माझ्याकडून काही हवं असलं की तो आईला सांगायचा, आई मला सांगायची, मी आईला उत्तर द्यायचो, आई ते त्याच्या पदरात टाकायची. वाटेत ती दोन्हीकडचं थोडं साखरेत घोळवत असावी, कारण मुलगा मला प्रेमळ समजत मोठा झाला आणि मी त्याला आज्ञाधारक समजत म्हातारा झालो. ती गेल्यावर आम्ही दोघं एकमेकांसमोर आलो तेव्हा ध्यानात आलं की आपली नीटशी ओळख झालेलीच नाही. तशी वाईट वागणूक नव्हती. हवापाण्यावर बोलायचो.

तर मुलाची बदली झाली होती. म्हणजे ‘बदली होईलसं दिसतंय’ असं तो टीव्हीकडे बघत म्हणाला होता आणि ‘हं’ असं मीही टीव्हीकडे बघतच म्हणालो होतो. टीव्हीला सगळं माहीत होतं. शहर लांबचं. सूनबाईला तिथल्या कॉलेजात जागा मिळाल्याचंही घरात फिरत होतं. आणि गेले काही आठवडे सूनबाई मला बटणं शिकवत होती. वॉशिंग मशीनचं कुठलं आधी, कुठलं नंतर, गॅस मागून कसा बंद करायचा, मिक्सरचं भांडं कुठल्या बाजूला फिरवून बसतं. डब्यांवर तिच्या ठसठशीत अक्षरात चिठ्ठ्या चिकटल्या: साखर, मीठ, चहा. मी हुशार विद्यार्थी निघालो. एकट्यानं एक धुणं काढलं तेव्हा ती ‘छान’ म्हणाली, पण वर्गात म्हणते तसं नाही. जरा दुसरीकडे बघत. तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं. सकाळी टेपवाला ‘ही नाही’ म्हणाला आणि मीठ, साखर, चहा सगळे डबे एकदम माझ्याकडे वळून बघू लागले. घर माझ्याच नावावर आहे, आगाराच्या काळात घेतलेलं. भिंती राहणार, कॉट राहणार, कॉटवर मी राहणार आणि डब्यांवर नावं राहणार. सगळी व्यवस्था चोख. कुणाला नावं ठेवायला जागा नाही.

दुपारी मात्र मला कॉलेजात जायचं होतं, कारण मी तिथला परका आहे. हे पद सूनबाईनं निर्माण केलं. ती पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रोग्रॅम लिहायला शिकवते, तोही अगदी श्रीगणेशा: माणसाला काहीतरी विचारायचं, तो टाईप करेल ते घ्यायचं, आणि त्यावर काहीतरी छापून दाखवायचं. घेणं आणि देणं. एवढ्यावर सहा महिने काय शिकवतात, असं मला पूर्वी वाटायचं. एवढ्यावर आयुष्य काढलेला माणूस असून वाटायचं, हे विशेष. एकदा चहा पिता पिता तिनं कपावरून माझ्याकडे बाजारात भोपळा निवडावा तसं पाहिलं आणि विचारलं, बाबा, तुम्हाला कॉम्प्युटर मुळीच येत नाही ना? मी म्हटलं, नाही. ‘मुळीच?’ तिनं आशेनं विचारलं. मी म्हटलं, अक्षरं हुडकून हुडकून टाईप करता येतात, बाकी अंधार. तिचा चेहरा फुलला. माझ्या अडाणीपणावर इतकं खूश झालेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. मग तिनं सांगितलं की मुलांचे प्रोग्रॅम त्यांच्या स्वतःपुढे कधीच चुकत नाहीत. ज्यानं लिहिलाय त्याला माहीत असतं इथं आकडा टाकायचा, इथं नाव टाकायचं, इथं जरा थांबायचं. त्यामुळं तिला एक कोरा माणूस हवा होता. तो यंत्रासमोर बसणार. ज्यानं प्रोग्रॅम लिहिलाय त्यानं मागे उभं राहायचं, हात पाठीशी बांधून, तोंड मिटून. पडदा जे सांगणार नाही ते पोरानंही सांगायचं नाही. परक्याला कळलं तर पास. परका कंटाळून उठला तर नापास.

पहिल्या दिवशी तिनं मुलांना हा नियम समजावला तो मी मागच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून ऐकला. आवाज चढवत नाही ती. खडू दोन बोटांत असा धरते की जणू तो गरम आहे. म्हणाली, ‘समोरच्याला तुमचा चेहरा दिसत नाही. त्याला दिसतं ते पडद्यावर छापलेलं, तेवढंच. आणि प्रोग्रॅमला मिळतं ते त्यानं टाईप केलेलं, तेवढंच. बाकीचं सगळं तुमच्या मनात. मनाला मार्क नाहीत.’ मी खिडकीमागे बसून बसून जे शिकलो ते या मुलीनं खडूचा आवाज न करता पाच वाक्यांत फळ्यासमोर मांडलं, आणि मला त्याचा राग यायच्या ऐवजी मांडी ठोकावीशी वाटली. घरात ही मुलगी माझ्या मागे पुढे ‘बाबा, गोळी घेतलीत का’ करत फिरते. वर्गात ती ‘मॅडम’. मीही तिला मॅडमच म्हणतो. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तिच्या ओठाचा कोपरा हलला, पण हसली नाही. मुलांनी मला ‘परके आजोबा’ असं नाव ठेवलं. परका आणि वर आजोबा, हे कसं काय जमतं असं कुणालाही वाटलं नाही, घरोघरी जमतं.

आणि मी परका म्हणून उत्तम निघालो, हे सांगण्यात कसला विनय. मला जनता माहीत होती. जनता विचारल्याचं उत्तर कधीही देत नाही. कुठं जायचंय असं विचारलं तर ‘भावाकडे’ म्हणते. नाव काय विचारलं तर ‘माझंच लिहा’ म्हणते. मी तिचा प्रतिनिधी म्हणून यंत्रासमोर बसलो. एका घाईवाल्या पोराचा प्रोग्रॅम म्हणाला, वय टाका. मी टाईप केलं, ‘सत्तरी आली’. आणि ते यंत्र जे पिसाळलं! वय टाका, वय टाका, वय टाका, वय टाका. पडदा भरून वाहायला लागला, थांबायचं नाव नाही. पोराचे पाठीमागचे हात एकमेकांना पिळत होते. मॅडमनी यंत्र शांत केलं आणि समजावलं की प्रोग्रॅमला आकडा हवा होता, आजोबांनी शब्द दिला. तो घास घशाखाली जाईना, आणि बाहेर टाकायला कुणी शिकवलेलं नाही. म्हणून दर खेपेला विचारतो, तोच अडकलेला घास पुन्हा चावतो, पुन्हा विचारतो. पोरगं म्हणालं, पण मॅडम, वय म्हटल्यावर आकडाच देणार ना माणूस! मॅडम माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, बाळा, मी मोठ्या आगारात होतो. त्यावर चर्चा संपली. पुढच्या वेळी त्याच्या पडद्यावर आलं: ‘तुमचं वय फक्त आकड्यात लिहा. चुकलात तर हरकत नाही, पुन्हा विचारीन.’ हे वाचून मला भरून आल्यासारखं झालं. चुकलात तर हरकत नाही, पुन्हा विचारीन. असं मला आजवर कुठल्या कचेरीनं म्हटलं होतं? असं मी तरी कुणाला म्हटलं होतं? त्या पोरांनी दर आठवड्याला थोडं थोडं शहाणं होत जावं आणि ते माझ्या अडाणीपणाच्या सहाणेवर घासून व्हावं, याचा मला अभिमान वाटू लागला होता. आठवड्यातल्या त्या दुपारसाठी मी शर्ट इस्त्री करायचो. तीही इस्त्री सूनबाईनंच शिकवलेली.

आज इस्त्री केली नाही. टेपवाला गेल्यावर बराच वेळ कॉटवर बसलो, मग उठून हातानं कॉटची लांबी मोजली. वितीनं. काही उपयोग नव्हता, पण कुणीतरी मोजायला हवी होती. वर्गात पोचलो तर पंखे घरघरत होते, यंत्रांची रांग नेहमीसारखी, मॅडम फळ्याशी. त्यांनी माझ्या चुरगळलेल्या शर्टाकडे एकदा पाहिलं. आज पाळी होती एका मुलीची, जिला सगळा वर्ग बडबडी म्हणतो. ही मुलगी श्वास आत घेतानासुद्धा बोलते. मी दारात दिसलो की आजोबा बसा, आजोबा पंखा लावू का, आजोबा तुमचा चष्मा बदलला का, अशी सुरू व्हायची. उत्तरासाठी थांबायचा तिला वेळ नसे, आणि मला ते फार सोयीचं होतं. अशा मुलीला मॅडमनी हात पाठीशी बांधून तोंड मिटायला सांगितलं, तेव्हा वर्गात एक सहानुभूतीची लहर फिरली. मी बसलो. तिनं मागून वाकून प्रोग्रॅम सुरू करून दिला आणि सरळ उभी राहिली. पडदा काळा झाला. डाव्या कोपऱ्यात वरती एक छोटी पांढरी रेघ लुकलुकू लागली. आणि बस्स. बाकी काही नाही.

मी वाट पाहिली. रेघ दिसायची, नाहीशी व्हायची, दिसायची. मी मागे वळून बडबडीकडे पाहिलं. ओठ इतके घट्ट मिटलेले की पांढरे पडले होते, डोळे मात्र पडद्यावर, आणि डोळ्यांत नुसता गोंधळ. असं व्हायला नको होतं, हे तिच्या कपाळावर लिहिलेलं. पण कपाळाला मार्क नाहीत. मागच्या बाकांवरून कुणीतरी ‘हँग झालं’ असं कुजबुजलं. हा शब्द मला तिथंच कळला होता. यंत्र मेलेलं नाही पण जिवंतही नाही, त्याला ते म्हणतात. मी उठलो असतो तर नियमानं ती नापास. उठायला माझी हरकत काय होती? काळा पडदा समोर धरून बसायची हौस कुणाला आहे? पण मला उठवेना. घरीही मी सकाळपासून असाच बसलो होतो. असाच एक काळा पडदा, त्यावर अक्षर नाही, आणि आपण काय करायचं ते कुणी सांगत नाही. मला आगारातला टेलिफोन आठवला. त्यावर दोन प्रकारची शांतता यायची. एक मेलेल्या लाइनीची; ती कोरडी असते, कान लावला की आपल्याच कानाचा आवाज येतो. आणि दुसरी, पलीकडे कुणीतरी आहे पण बोलत नाही, तेव्हाची. तिच्यात श्वास असतो. नवखा माणूस दोन्हीला ‘बंद पडला’ म्हणून रिसीव्हर ठेवून देतो. मी नाही ठेवायचो. मी म्हणायचो, बोला, ऐकतोय. बऱ्याचदा पलीकडचा माणूस केव्हाच विचारून बसलेला असायचा, आणि प्रश्न कुठंतरी तारेत हरवलेला असायचा, आणि तो उत्तराची वाट बघत मनातल्या मनात मला शिव्या घालत असायचा. ती रेघ लुकलुकत होती. ते मेलेल्याचं लक्षण नव्हे. मेलेलं काही लुकलुकत नाही. हा श्वास होता. हे वाट बघणं होतं. मला खात्री झाली की ह्या पोरीच्या यंत्रानं मला काहीतरी विचारलेलं आहे आणि ते माझ्या तोंडाकडे बघतंय. काय विचारलं असेल? पिशवी नाही, पायताण नाही, कशावरून ओळखणार. काचेपलीकडचं काहीच कळलं नाही तर मी एक उत्तर राखून ठेवलेलं असे. त्यानं सहसा कुणाचं नुकसान होत नाही. मी अक्षरं हुडकली आणि टाईप केलं, ‘हो’. आणि एंटर दाबलं.

पडद्यानं सगळं एकदम ओकून टाकलं. एका ओळीत, एकाला एक चिकटून: ‘तुमचं नाव काय? नमस्कार हो, तुम्ही आलात, फार बरं वाटलं.’ वर्ग हसला. मॅडमच्या ओठाचा कोपरा हलला. मी नमस्कार हो झालो होतो, आणि माझ्या येण्यानं कुणालातरी फार बरं वाटलं होतं, आणि का कोण जाणे, माझ्या डोळ्यांना धार लागली; पंख्याचा वारा थेट डोळ्यांवर येत होता, दुसरं काय. बडबडीनं मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी मान हलवली, आणि पोरीचा बांध फुटला. मी विचारलं होतं आजोबा, खरंच विचारलं होतं, आधी विचारलंय आणि मग वाट बघायला लावलंय, तुम्ही बघा ना लिहिलेलं, पहिल्याच ओळीत आहे! मॅडम तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या की तिचं खरं आहे, तिनं विचारलंच होतं. मग फळ्याकडे गेल्या आणि एक वाडगा काढला. एरवी चित्रं काढत नाहीत त्या. वाडगा पातेल्यासारखा झाला. ‘आपण छाप म्हटलं,’ त्या म्हणाल्या, ‘की ते लगेच पडद्यावर जातंच असं नाही. कधी कधी मधे एका वाडग्यात पडतं. वाडगा भरला की ओततात, किंवा प्रोग्रॅम संपला की ओततात, किंवा आपण स्पष्ट सांगितलं, आता ओत, तर ओततात. हिनं विचारलं, पण ओत म्हणाली नाही. प्रश्न वाडग्यातच राहिला. आणि प्रोग्रॅम उत्तरासाठी थांबला. त्याच्या मते त्यानं विचारलेलं आहे. आजोबांच्या मते त्यांना कुणी काही विचारलेलंच नाही. दोघंही खरे आहेत, आणि दोघंही कायमचे बसून राहतील.’ कुणीतरी विचारलं, मग ह्यात चूक कुणाची? मॅडम म्हणाल्या, चूक नाही, एक ओळ राहिली. एवढी ओळ घातली की झालं. आणि ती ओळ त्यांनी पातेल्याखाली लिहिली, खडूचा आवाज न करता.

मी त्या पातेल्याकडे बघत राहिलो. वर्ग सुटला, बडबडी मला दरवाज्यापर्यंत पोचवायला आणि आपल्या प्रोग्रॅमची चरित्रकथा ऐकवायला आली, मी ‘हो, हो’ म्हणत होतो, पण मन पातेल्यात होतं. मला बायको दिसत होती, स्वयंपाकघराच्या दाराशी, एका हातानं चौकट धरून. मुलाचं काहीतरी मागणं घेऊन यायची आणि म्हणायची, तो विचारतोय. तो कुठं विचारत असायचा! तो आपल्या खोलीत पुस्तकात डोकं घालून बसलेला असायचा. पण त्याच्या मते त्यानं विचारलेलं असे. ती ओतायची. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे, आयुष्यभर ओतत राहिली आणि आम्हा दोघांना वाटत राहिलं की आपण बोलतोय. सूनबाई माझ्याबरोबर चालत होती, खांद्यावर वह्यांची पिशवी. रस्ता ओलांडताना माझ्या कोपराला नेहमीसारखा हात लावला. मला तिला विचारायचं होतं. ती टेपवाल्याबद्दल काही बोलेल म्हणून मी थांबलो, आणि तीही कशासाठी तरी थांबल्यासारखी गप्प होती, आणि अशा रीतीनं आम्ही दोन शहाणी माणसं एकमेकांची वाट बघत घरी पोचलो. कुलूप उघडताना माझ्या मनात आलं की लाइनीत श्वास आहे.

संध्याकाळी मुलगा आला. वाढून झालं. त्यानं बदलीच्या गावच्या पाण्याबद्दल काहीतरी सांगितलं, मी इथल्या पाण्याबद्दल. टीव्ही बंद होता, त्यामुळं बोलणं जरा उघडं पडत होतं. मग मी पाण्याचा पेला खाली ठेवला, आणि कुणीही काही विचारलेलं नसताना, दुपारी दिलं तेच उत्तर दिलं.

“हो,” मी म्हणालो.

मुलानं वर पाहिलं. “काय हो?”

“येतो मी. तुमच्याबरोबर.”

त्याचा घास हातातच राहिला. सूनबाईनं चमचा खाली ठेवला, अगदी हळू, ताटाला लागणार नाही असा. मुलगा तिच्याकडे बघून म्हणाला, “पण बाबा तर नाही म्हणाले होते.” मी म्हटलं, मी कधी नाही म्हणालो? तो म्हणाला, गच्चीत, मी विचारलं तेव्हा, त्या रविवारी. टेपवाल्यालाही म्हणून मी सांगितलं, बाबांच्या खोलीतलं राहू दे. मला गच्ची आठवली, रविवार आठवला, पण प्रश्न आठवेना. मी त्याला म्हटलं, काय विचारलंस ते जसंच्या तसं सांग. आगारात तक्रार आली की मी हेच म्हणत असे. तो जरा अडखळला. म्हणाला, मी म्हटलं की तिकडची हवा चांगली आहे म्हणतात. मग तुम्ही म्हणालात, हवा काय, सगळीकडे सारखीच. मग मी काय समजायचं?

सूनबाई त्याच्याकडे बघत राहिली. वर्गात घाईवाल्या पोराकडे बघते तशी नाही. त्याहून पुष्कळ शांतपणे. “तू मला सांगितलंस, विचारलं, ते नको म्हणाले,” ती म्हणाली. “म्हणून मी त्यांना मिक्सर शिकवत बसले. तू हे विचारलं होतंस? हवा?”

“माझ्या मनात तेच होतं.”

“मनाला मार्क नाहीत.”

आणि तिनं खुर्ची जरा मागे ओढली, उठून त्याच्या मागे उभी राहिली, हात पाठीशी बांधले आणि तोंड मिटलं. मी ओळखलं. मी माझ्या जागी सरसावून बसलो, परक्यासारखा. मुलाला काही कळेना. तो एकदा मागे बघे, एकदा माझ्याकडे. मागून मदत येणार नव्हती. माझ्याकडूनही नव्हती, कारण नियम तो नियम. तो म्हणाला, तिकडे तीन खोल्या आहेत. आम्ही वाट पाहिली. तो म्हणाला, एका खोलीला मोठी खिडकी आहे, खाली बसस्टँड दिसतो. हे मला आवडलं, पण हा प्रश्न नव्हे. इतकी वर्षं मी माणसांची पिशवी पाहून उत्तरं देऊन त्यांना पळवलं होतं. आज मला गाडी चुकवायची नव्हती, पण प्रश्न पुरता ऐकायचा होता. त्याच्या गालावर एक शीर हलत होती. दिसायची, नाहीशी व्हायची, दिसायची. हा मुलगा लहानपणापासून असाच लुकलुकत बसलाय आणि मी दर वेळी बंद पडला समजून पेपर उघडलाय, असं काहीसं वाटून गेलं, आणि त्याच वेळी हेही वाटलं की किती चिवट आहे हा, अजून वाट बघतोय.

“बाबा,” तो म्हणाला. थांबला. मग ताटाकडे नाही, टीव्हीकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाला, “तुम्ही आमच्याबरोबर राहायला याल का?”

उत्तर तर मी आधीच दिलेलं होतं. दुपारचा पंखा इथं नव्हता, पण डोळ्यांना वारा लागल्यासारखं झालं. पेला उचलला, ठेवला. दोघं थांबले होते. मी उठलो नाही.

“टेपवाल्याला उद्या परत बोलाव,” मी म्हणालो. “कॉट मोजायची राहिलीय.”

सूनबाईनं हात सोडले. तिच्या ओठाचा कोपरा हलला आणि या वेळी हसू पुरतं बाहेर आलं. “पास,” ती म्हणाली.

“कोण?” आम्ही दोघांनी एकदम विचारलं.